शिट्टी वाजली की सुटायचं

चाळिशी उलटलेली बाई भल्या सकाळी समुद्रावर पळायला जाते ती वजन उतरवायला, असं जग धरून चालतं. अश्लेषानेही जगाला तेच सांगून टाकलं होतं. नवऱ्याला सांगितलं, माणिकपूरच्या ज्या चष्म्याच्या दुकानात ती नोकरी करायची तिथल्या मालकाला सांगितलं, आणि शेजारणींनी "तू कुठे जाड आहेस गं?" म्हणून विचारलं तेव्हा कंबरेवर हात ठेवून त्यांनाही तेच सांगितलं. सगळ्यांना पटलं. खरं कारण कोणाला पटलं नसतं. अश्लेषाला स्वतःच्या पायांची भीती बसली होती.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. मनवेलपाड्यातली त्यांची इमारत चार मजल्यांची, बिनलिफ्टची, आणि जिन्याखाली सगळ्यांचे वीजमीटर एका जुन्या लाकडी फळीवर ठोकलेले. एका दुपारी ती फळी पेटली. तिचा नवरा जितेंद्र औषध कंपनीच्या कामाने नाशिकला गेला होता. महिन्यातले पंधरा दिवस तो असाच बाहेर असायचा. घरात ती आणि सासू जयवंतीबाई, दोघीच. सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, त्यांना आधाराशिवाय पलंगावरून उतरता येत नव्हतं. धूर तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या दारापर्यंत पोचला, खाली लोकांची आरडाओरड सुरू झाली. अश्लेषाने दार उघडलं, जिन्यातला काळा धूर पाहिला, आणि कडीवर हात ठेवून ती उभी राहिली. नुसती उभी.

"अश्लेषा, मला घे गं," आतून सासूबाईंनी हाक मारली. "अगं, मला घे."

तिला स्वच्छ ऐकू येत होतं. दुसरी हाक आली, तिसरी आली. आत जायला पाय उचलत नव्हता आणि बाहेर पडायलाही नाही. चौथ्या मजल्यावरचा संकेत धडाधड खाली आला, त्याने तिला खांद्याने बाजूला सारलं, आत जाऊन जयवंतीबाईंना पाठीवर घेतलं आणि तोंडावर रुमाल दाबून उतरून गेला. त्यानंतर कुठे हिचे पाय जागचे हलले.

जळले ते फक्त मीटर. "घाबरली बिचारी," असं सगळे म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. जितेंद्र म्हणाला, "तुम्ही दोघी सुखरूप आहात ना? मग झालं तर." जयवंतीबाई काहीच म्हणाल्या नाहीत. त्या मुळातच मोजकं बोलणाऱ्या. सासरे गेल्यावर आठ महिने थोरल्या मुलाकडे पुण्याला राहिल्या आणि एक दिवस बॅग घेऊन मनवेलपाड्यात येऊन दाखल झाल्या. तिथे काय बिनसलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पुण्याचं नावही पुन्हा काढलं नाही. त्यांचं हे न बोलणंच अश्लेषाच्या जिवाला लागून राहिलं होतं. त्या हाका ऐकू आल्या होत्या, हे तिने कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

तेव्हापासून ती घरात पावलं मोजायची. सासूबाईंच्या पलंगापासून दारापर्यंत अकरा, दारापासून जिन्यापर्यंत सहा, मग प्रत्येक मजल्याला अठरा पायऱ्या. खाली कोणी मोठ्याने बोललं तरी ती दार उघडून जिन्यात डोकावायची. जितेंद्रची बॅग भरताना तो परत कधी येणार हे ती दोनदोनदा विचारायची. पुन्हा काही झालं तर? पुन्हा मी अशीच उभी राहिले तर? सासूबाई जेवताना समोर बसल्या की हा प्रश्न ताटापलीकडे येऊन बसायचा, आणि त्या मात्र आमटीत मीठ कमी आहे एवढंच सांगायच्या.

थॉमस सर दुकानात आले ते चष्म्याची दांडी बसवून घ्यायला. पळताना पडला, म्हणाले. वय सदुसष्ट, शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झालेले, राजोडीच्या बाजूला वाडी, अंगात बनियनवर बाह्या दुमडलेला शर्ट.

"ह्या वयात पळता?" अश्लेषाने सहज विचारलं.

"मग काय मेल्यावर पळू, बाय?" सर म्हणाले. "माणसाच्या पायांना पळायचं आठवतच असतं. आपण त्यांना खुर्चीत बसवून बसवून विसरायला लावतो. मी काही शिकवत नाही, फक्त आठवण करून देतो."

हे वाक्य तिने घरी नेलं, आणि पुढच्या शनिवारी पहाटे स्कूटर काढून राजोडीचा किनारा गाठला.

सरांच्या तालमीत मशीन नव्हतं, बूटही नव्हते. अनवाणी यायचं, ओहोटीला यायचं, कारण तेव्हा वाळू ओली आणि घट्ट असते. कधी सहाला बोलावतील, कधी साडेसातला. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची त्यांची सवय, आणि मोबाईलमध्ये भरती-ओहोटी बघणाऱ्यांची ते यथेच्छ टर उडवायचे. आधी अंग मोकळं करायला अस्वलासारखं चार पायांवर चालायचं, खेकड्यासारखं उलटं सरकायचं, बेडूक उड्या मारायच्या, सुरूच्या आडव्या फांदीला लोंबकळायचं. हे सगळं पोरकटपणाचं वाटतं, पण तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. मग खरी पळापळ. पाण्याच्या कडेपासून सुरूच्या झाडांपर्यंत साठ मीटर, जीव खाऊन. चालत परत. पुन्हा साठ मीटर. अशा सहा खेपा, कधी आठ. "तासभर दुडकत बसू नका," सर ओरडायचे, "थोडं पळा, पण वाघ मागे लागल्यासारखं पळा."

पहिल्या दिवशी अश्लेषाला साठ मीटरला चौदा सेकंद लागले आणि नंतर ती सुरूखाली ओकली. सर शांतपणे म्हणाले, "छान. पुढच्या वेळी न खाता ये."

पण त्यांचं खरं शास्त्र होतं शिट्टीचं. ते सांगून कधीच वाजवायचे नाहीत. सगळे शहाळं पीत बसलेत, कोणी केस बांधतंय, कोणी घरच्या कटकटी सांगतंय, आणि एकदम शिट्टी. वाजली की हातातलं टाकून सुरूकडे सुटायचं. शेवटी पोचेल त्याला अस्वलाच्या वीस चाली. "विचार करणारा माणूस जागेवर उभा राहतो," सर म्हणायचे. "तुमच्या डोक्याला कळायच्या आत पायांना कळलं पाहिजे."

हे वाक्य अश्लेषाने मनात पुन्हा म्हणून पाहिलं. तिला हेच तर हवं होतं. डोक्याला मधे येऊच द्यायचं नाही. सरांनी सगळ्यांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कशासाठी आलात म्हणून. डिलन नावाचा एक बँकेतला पोरगा म्हणाला होता, लग्न ठरलंय. प्रिस्का, पन्नाशीची नर्स, म्हणाली होती, साखर वाढलीय. अश्लेषाने सांगितलं, वजन. एवढं एक खोटं तिने सरांशी बोलायला नको होतं.

पहिले दोन महिने शिट्टीच्या नुसत्या कल्पनेने तिच्या तोंडचं पाणी पळायचं. वाजली की क्षणभर तोच जिना, तोच धूर, आणि पाय वाळूत रुतलेले. अस्वलाच्या वीस चाली ठरलेल्या. मग हळूहळू ते क्षण लहान होत गेले. बुधवार, शनिवार, बुधवार, शनिवार. चौदाचे तेरा झाले, तेराचे बारा. चौथ्या महिन्यात सरांनी जोड्या लावून माणूस खांद्यावर उचलायला शिकवलं, आणि प्रिस्काला उचलून वीस पावलं चालल्यावर अश्लेषा वाळूत बसून हमसून हमसून रडली. सरांना वाटलं, पाठीत उसण भरली. ती मात्र मनातल्या मनात हिशेब करत होती की सासूबाई प्रिस्कापेक्षा सात-आठ किलोंनी हलक्या आहेत.

एकदा माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपाशी ती गिऱ्हाईकाचा तयार चष्मा घेऊन उभी होती. चौकातल्या वाहतूक पोलिसाने शिट्टी फुंकली, आणि अश्लेषाला भान आलं तेव्हा ती रस्त्याच्या पलीकडे, फळवाल्याच्या गाडीपाशी धापा टाकत होती. मधे दोन रिक्षा कचकन थांबलेल्या. रिक्षावाले हसले, शिव्याही घातल्या. तीही हसली. दिवसभर तिच्या अंगात आनंद मावत नव्हता. पाय ऐकतात, म्हणून. त्यात भिण्यासारखं काही आहे हे त्या दिवशी तिच्या लक्षातच आलं नाही, आणि शहाण्यासुरत्या बाईच्याही ते लक्षात आलं नसतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी जयवंतीबाई आपणहून म्हणाल्या, "मीही येते. बघू तरी तू तिथे काय करतेस."

त्या दिवशी स्कूटरऐवजी रिक्षा केली. सासूबाईंनी मोतिया रंगाची साडी नेसली होती आणि बरोबर शाल घेतली होती. सुरूखाली त्यांना खुर्ची मिळाली. त्यांनी सुनेची अस्वलचाल पाहिली, बेडूक उड्या पाहिल्या, आणि तोंडाला पदर लावून हसल्या. दोन वर्षांत अश्लेषाने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग ती साठ मीटर पळाली. सरांनी घड्याळ पाहून अकरा सेकंद म्हटलं आणि जयवंतीबाईंना हाक मारून सांगितलं, "आजी, तुमची सून हरणाला हरवेल!"

"घरी तर दूध उतू गेलं तरी उठत नाही," जयवंतीबाई म्हणाल्या, आणि सगळे खूप हसले.

आठला तालीम संपली. सर सायकलवर टांग टाकून निघाले, डिलन आणि प्रिस्काही गेले. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, भरती जोराची होती, आणि पाणी आता वर सरकू लागलं होतं. शनिवारची माणसं येऊ लागली होती; घोडागाडीवाले, भेळवाला, मुंबईकडून आलेली कॉलेजची पोरं.

"पाय बुडवू या का जरा?" जयवंतीबाईंनी विचारलं. "तुझे सासरे असताना आले होते, त्यानंतर नाही."

अश्लेषाने त्यांचा हात धरला. नुसता बोटांनी नाही, मनगटाला घट्ट धरला. दोघी हळूहळू पाण्यात शिरल्या. घोटा बुडाला, पोटरी बुडाली. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून न्यायची, आणि सासूबाई तिच्यावर रेलायच्या. त्यांचं वजन खांद्यावर येत होतं आणि ते वजन तिला आवडत होतं. आता काही झालं तरी मी आहे, असं तिला वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच वाटलं. "आणखी पुढे नको हं, आई," ती म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "नको. इथेच बरं आहे."

आणि शिट्टी वाजली.

अश्लेषा सुटली. गुडघे वर उचलत पाण्यातून बाहेर, मग ओल्या वाळूवर, अंग पुढे झुकलेलं, कोपरं अंगाशी, नजर समोरच्या सुरूवर. इतकी हलकी ती कधीच पळाली नव्हती. मागे कोणाच्याही पायांचा आवाज नव्हता, म्हणजे सगळे मागे पडले. कोरड्या वाळूतले शेवटचे दहा मीटर, आणि तिचा तळवा खोडावर थाडकन आपटला. पहिली! तिला हसू आलं. हसतच ती वळली, मागून कोण येतंय ते पाहायला.

मागून कोणीच येत नव्हतं.

समुद्र होता, भेळवाला होता. दूर कमरेएवढ्या पाण्यात गेलेली कॉलेजची पोरं होती आणि त्यांना हात करकरून मागे बोलावणारा, शिट्टी फुंकणारा जीवरक्षक होता. आणि मघाशी त्या दोघी जिथे उभ्या होत्या तिथे पाण्यावर मोतिया रंगाचं कापड फुगून आलं होतं. त्याच्या एका टोकाला एक हात वर आला आणि परत आत गेला.

तिने पाहिलं. तिला कळलं. आणि पाय हलेनात. किती वेळ, देव जाणे. तिला नंतरही सांगता आलं नाही. ती पळाली ते नक्की, पण ती खेप तिच्या आयुष्यातली सगळ्यात संथ खेप होती. वाळू संपतच नव्हती. लाट त्या कापडावरून गेली, आणखी एक गेली. जीवरक्षकाने तिच्या आधी पाहिलं होतं. तो आडवा धावत आला, काखेत हात घालून त्याने जयवंतीबाईंना ओढून काढलं आणि ओल्या वाळूवर कुशीवर घातलं. त्यांच्या नाकातोंडातून पाणी आलं. मग खोकला. तो खोकला ऐकला तेव्हा कुठे अश्लेषाचा जीव भांड्यात पडला, आणि ती त्यांच्या पायांशी कोसळली.

जीवरक्षक गावातलाच, पंचविशीचा. त्याने तिच्याकडे वळून विचारलं, "म्हातारीला पान्यात सोडून कुठं पळालात, ताई?"

"शिट्टी..." अश्लेषा म्हणाली.

"ती त्या पोरांना व्हती. तुमाला कोन बोलवत व्हतं?"

तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात ओला होता आणि तळव्याला सुरूची साल चिकटली होती. मनगट कोणत्या क्षणी सुटलं हे तिला आठवेना. ती आठवून आठवून थकली. शिट्टीच्या आधीचं सगळं आठवत होतं, झाडाला हात लागला ते आठवत होतं, मधलं काहीच नव्हतं. डोक्याला कळायच्या आत पायांना कळलं होतं.

दवाखान्यात जयवंतीबाईंना एक दिवस ठेवून घेतलं. छातीत पाणी साठलं नव्हतं, गुडघा शाबूत होता, कपाळावर खरचटलं होतं आणि डाव्या मनगटावर निळसर वळ उठला होता, बोटांच्या मापाचा. जितेंद्र सुरतेहून धावतपळत आला. तो यायच्या आधी अश्लेषाने बाकड्यावर बसून काय सांगायचं ते शंभरदा मनात घोळवलं होतं. पण तिला तोंड उघडावंच लागलं नाही.

"मोठी लाट आली," जयवंतीबाई मुलाला म्हणाल्या. "माझाच हात निसटला. ती बिचारी मदतीला माणूस आणायला धावली."

"नशीब, अश्लेषा होती बरोबर," जितेंद्र म्हणाला, आणि त्याने बायकोच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिला चटका बसल्यासारखा लागला.

थॉमस सरांना बातमी गावातून कळलीच. त्यांचा फोन आला तेव्हा अश्लेषाने त्यांना सगळं सांगितलं. आगीचं, हाकांचं, आणि ती तालमीला का आली होती तेही.

"बाय, तू वजन म्हणाली होतीस," सर म्हणाले.

"हो."

"मी तीस वर्षं पोरांना एकेकट्याला पळायला शिकवलं. शर्यतीत तसंच पळतात. कोणाला घेऊन पळायचं असेल तर शिट्टी लागत नाही, गं. तिथे आधी थांबावं लागतं. मला सांगायला हवं होतंस."

त्यानंतर अश्लेषा समुद्रावर गेली नाही. आता ती घरात पावलं मोजेनाशी झाली होती, पण त्याहून वाईट भीती तिच्या मागे लागली होती. पूर्वी तिला वाटायचं, पाय ऐन वेळी हलणार नाहीत. आता ते हलतात हे तिला ठाऊक झालं होतं, आणि हलले की कुठे जातात हेही. स्वयंपाकघरात पातेलं पडलं तरी ती ओट्याची कडा दोन्ही हातांनी धरून उभी राहायची, स्वतःला बांधून ठेवल्यासारखी.

दहा दिवसांनी जितेंद्र पुन्हा टूरवर गेला. त्या दुपारी जयवंतीबाई खिडकीशी खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. अश्लेषा त्यांच्या समोर जमिनीवर बसली.

"आई, तुमचा हात निसटला नव्हता. मी सोडला."

"ठाऊक आहे मला," जयवंतीबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आणि त्या आगीच्या दिवशी तुमच्या हाका मला ऐकू येत होत्या."

"तेही ठाऊक आहे. दार उघडंच होतं. तुझी पाठ दिसत होती मला."

ह्या क्षणाची अश्लेषाने दोन वर्षं धास्ती घेतली होती. त्या चिडतील, बोल लावतील, किंवा मोठ्या मनाने जाऊ दे म्हणतील, ह्या सगळ्याची तयारी तिने करून ठेवली होती. त्यातलं काहीच झालं नाही. जयवंतीबाईंनी मेथीची पानं ताटात टाकली आणि काड्या कागदावर.

"मग ह्यांना खरं का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? जितू भित्रा आहे, वडिलांवर गेलाय. आई बायकोपाशी सुरक्षित नाही असं त्याला कळलं असतं तर त्याने मला आठवडाभरात पुण्याला नेऊन सोडलं असतं." त्या थांबल्या. "तिकडे मला जेवायला देतात, औषध देतात. माझ्याशी बोलत नाहीत. आठ महिने मी भिंतीकडे बघून काढले. इथे तू निदान मिठावरून भांडतेस. मला इथेच राहायचंय, अश्लेषा. म्हणून तुला सांगते, त्याच्यापाशी चुकूनही काही बोलू नकोस."

त्यांच्या आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता. विनवणी होती. सत्तरी ओलांडलेली सासू आपल्या सुनेची विनवणी करत होती, आणि अश्लेषाला लाज वाटायच्याही आधी लख्ख कळलं की दोन वर्षं ह्या घरात भिऊन जगणारी ती एकटी नव्हती. जितेंद्रची बॅग भरली जाताना पलंगावर बसून कोणीतरी आणखीही ते बघत होतं. जेवताना समोर बसून सासूबाई मिठाचं बोलायच्या, कारण दुसरं काही बोलायची त्यांची छाती नव्हती.

"आई, मी..." ती म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.

"रडू नकोस. रडून काही व्हायचं नाही." जयवंतीबाईंनी ताट बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले. "मला एक सांग. पाणी गुडघ्याएवढंच होतं, नाही का? मी उभी राहू शकले असते तर बुडायचं कारण नव्हतं. मला उठताच येत नव्हतं. खाली पडल्यावर उठायचं कसं, हे शिकवतात का तुझे सर?"

"शिकवतात."

"मग दाखव."

अश्लेषाने डोळे पुसले. दिवाणाखालून चटई काढून अंथरली आणि आधी स्वतः आडवी होऊन दाखवलं. पाठीवर असलं की घाई करायची नाही. एका कुशीवर वळायचं. खालचं कोपर रोवायचं, मग वरच्या हाताचा तळवा जमिनीवर. मग दोन्ही हातांवर भार घ्यायचा, दुखरा पाय लांबच ठेवायचा, चांगल्या पायाचं पाऊल अंगाखाली ओढायचं, ढुंगण आधी वर उचलायचं, डोकं मागाहून. रांगणारी मुलं उभी राहताना नेमकं हेच करतात, असं सर सांगायचे. तिने तेही सांगितलं.

जयवंतीबाई खुर्चीचा हात धरून खाली बसल्या आणि चटईवर उताण्या झाल्या. छताकडे बघत त्यांनी दोन श्वास घेतले. मग कुशीवर वळल्या. कोपर रोवलं. तळवा टेकला. हात थरथर कापू लागले, मनगटावरचा वळ अजून पिवळा दिसत होता. पाऊल अंगाखाली येता येता अडलं आणि त्या धप्पकन पुन्हा आडव्या झाल्या. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. तिसऱ्या वेळी त्या दोन्ही हातांवर आल्या, पाऊल टेकलं, अंग अर्धवट वर उचललं गेलं आणि तिथेच लटपटायला लागलं. चेहरा लाल झाला, ओठ दातांखाली गेला.

अश्लेषाचा हात आपोआप पुढे झाला.

"हात नको," जयवंतीबाई म्हणाल्या.

"पडाल, आई. नुसता टेकूपुरता घ्या."

"नको म्हणते ना. तिकडे भिंतीशी जाऊन उभी राहा." त्यांना धाप लागली होती, शब्द तुटत होते, तरी एकेक शब्द नीट कळत होता. "तू घरात नाहीस असं धरूनच मला उठायला शिकायचंय."

अश्लेषाने हात मागे घेतला आणि ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.